जुन्या रेसिंग आउटबोर्ड मोटर आणि त्यांचं लोअर युनिट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या गराजमध्ये लाकडी स्टँडवर एक जुनी मोटर टांगलेली असते. घरी येणारा प्रत्येक मराठी पाहुणा तिच्याकडे बघून थबकतो. एका काकूंना तो मसाला कांडायचा डंख वाटला होता. मी मूळचा चिंचवडचा, नोकरीची सगळी वर्षं गिअरच्या धंद्यात गेली आणि आता इलिनॉयमध्ये राहतो. जुन्या शर्यतीच्या आउटबोर्ड मोटरींचा नाद इथे आल्यावर लागला. तेच तेच प्रश्न फोनवर आणि चहाच्या कपाबरोबर इतक्यांदा आले, की एकदा सगळं लिहून ठेवायचं ठरवलं.

आउटबोर्ड मोटर म्हणजे नक्की काय? आणि लोअर युनिट म्हणजे तिचा कुठला भाग?

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून शिकंज्याने आवळून बसवतात ती आउटबोर्ड. कोकण किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांना लावलेली असते तीच. तिचे तीन भाग समजून घ्या. वर इंजिन, म्हणजे पॉवरहेड. मधे नळीसारखा दांडा, त्याच्या पोटातून उभा शाफ्ट खाली उतरतो. आणि सगळ्यात खाली, पाण्यात बुडालेलं, माशाच्या धडासारखं दिसणारं ते लोअर युनिट. त्याच्या पोटात दोन बेव्हल गिअर असतात. उभ्या शाफ्टच्या टोकाचा छोटा तो पिनियन, तो आडव्या शाफ्टवरच्या गिअरला फिरवतो आणि आडव्या शाफ्टच्या टोकाला पंखा. उभं फिरणं आडवं करणं, एवढंच त्याचं काम.

ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या आणि विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या माणसाने १९०९ साली मिलवॉकीत ज्या मोटरी विकायला काढल्या, त्यांची मांडणी हीच होती. दीड अश्वशक्ती, एक सिलिंडर. वरचं इंजिन शंभर वर्षांत ओळखू येणार नाही इतकं बदललं. खालची मांडणी मात्र तीच राहिली.

शर्यतीची मोटर आणि मासेमारीची मोटर यांत फरक काय? बाहेरून तर सारख्याच दिसतात.

वरून सारख्या दिसतात, खाली बघा. मासेमारीच्या मोटरचं लोअर युनिट गुटगुटीत असतं. त्यात पुढे-मागे जाण्याचे गिअर, ते बदलायचा दांडा, पाण्याचा पंप, पाणी आत घेणाऱ्या जाळ्या, असा सगळा संसार असतो. शर्यतीच्या युनिटमधून हा संसार काढून टाकलेला. न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही, बऱ्याच मॉडेलांत पंपसुद्धा नाही. गिअर बसतात तो भाग, म्हणजे बुलेट, मनगटाएवढा बारीक आणि नाकाशी टोकदार. खालची पाती, म्हणजे स्केग, सुरीसारखी घासलेली. धूरही पाण्याखालून न सोडता वरच्या वर उघड्या नळीतून सोडतात, त्यामुळे आवाज असा की शेजारी आठ दिवस बोलत नाहीत.

या मोटरी बनवल्या कोणी?

यावर मी तासभर बोलू शकतो, थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो.

१९२०च्या दशकात इंडियानातल्या जॉन्सन बंधूंनी हलक्या दोन सिलिंडरच्या मोटरी काढल्या. होडी पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर चढून घसरायला लागली आणि घसरायला लागली की शर्यत आलीच. एव्हिनरूडने मधल्या काळात आपली पहिली कंपनी विकून टाकली होती. तो एल्टो या नव्या नावाने परत आला. १९२८ साली एल्टोने चार सिलिंडरची क्वाड काढली. त्याच वर्षी हडसन नदीवर ऑल्बनी ते न्यूयॉर्क अशी मॅरेथॉन सुरू झाली, साधारण १३० मैलांची. मिशिगनच्या लॉकवुडचाही त्या काळात दबदबा होता. १९२९मध्ये एव्हिनरूड, एल्टो आणि लॉकवुड एका छत्राखाली आल्या, १९३०च्या दशकाच्या मध्यात जॉन्सनही त्यांत सामील झाली. पुढे ओएमसी (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन) म्हणून ओळखलं गेलं ते हेच घराणं. जॉन्सनची पीआर आणि एव्हिनरूड-एल्टोची फोर-सिक्स्टी या त्या काळच्या दोन मातब्बर मोटरी. फोर-सिक्स्टीची चार सिलिंडर समोरासमोर जोडीने बसवलेली. ती चालू झाली की जमीन हादरते.

मग आला कार्ल कीकहाफर. १९३९ साली त्याने विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्ग गावचा एक डबघाईला आलेला कारखाना घेतला आणि मर्क्युरी उभी केली. भयंकर तापट, भयंकर हुशार. पुढे १९५५ आणि १९५६ अशी दोन वर्षं त्याच्या चमूने नॅसकार मोटार शर्यतींचं अजिंक्यपदही नेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर मर्क्युरीने ज्या मोटरी काढल्या त्यांच्या अंगावर 'दहा अश्वशक्ती' असं लिहिलेलं असायचं, प्रत्यक्षात त्या बऱ्याच जास्त ताकद द्यायच्या. दुकानात शेजारी ठेवलेली दुसऱ्या कंपनीची दहाची मोटर बिचारी खोटी पडायची. १९५०च्या आसपासची केजी-७ आणि नंतरची मार्क २०एच या मोटरींनी शर्यत सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. दुकानातून मोटर आणा, बोटीला लावा, रविवारी पळवा. गावोगावचे मेकॅनिक, शेतकरी, शाळकरी पोरं अशा सगळ्यांनी पळवल्या.

ओएमसीचं २००० साली दिवाळं निघालं. एव्हिनरूडचं नाव नव्या मालकाकडे गेलं आणि मे २०२०मध्ये त्या नावाच्या मोटरी बनणंही थांबलं. जुन्या मोटरींची किंमत लोकांना त्यानंतर जास्त कळायला लागली, असं माझं निरीक्षण आहे.

क्लास ए, क्लास बी, क्लास सी म्हणजे काय?

सिलिंडरांच्या एकूण मापावरून पाडलेले गट. माप घनइंचांत. ए म्हणजे सुरुवातीला १४, पुढे १५. बी म्हणजे २०. सी म्हणजे ३०. डी म्हणजे ४०. एफ म्हणजे ६०. आपल्या सीसीच्या हिशोबात बी सुमारे ३२८ आणि एफ सुमारे ९८३. म्हणजे क्लास बीची मोटर बुलेट मोटारसायकलपेक्षाही लहान. केजी-७ आणि २०एच बीमधल्या, पीआर सीमधली, फोर-सिक्स्टी अर्थातच एफमधली.

सगळे इंजिनाबद्दल बोलतात. तुम्ही लोअर युनिटचं एवढं कौतुक का करता?

मी गिअरवाला आहे, हे एक कारण. पण खरं कारण पाण्यात आहे.

शर्यतीची हायड्रोप्लेन बोट पूर्ण वेगात असते तेव्हा तिचं बहुतेक अंग हवेत असतं. पाण्याला टेकतात त्या तिच्या दोन्ही बाजूंच्या पादुकांच्या कडा, वळणावर धरून ठेवणारं एक पातं आणि मागे पंखा व लोअर युनिट. म्हणजे उरल्यासुरल्या ओढीचा मोठा वाटा या एका ओतीव तुकड्याचा. पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते आणि ती तोडायला लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट हवा तर ओढ चौपट आणि ताकद आठपट. इंजिनातून दोन अश्वशक्ती जास्त काढायला महिनाभर घाम गाळा, नाहीतर बुलेट एक सूत बारीक करा. शहाणे लोक काय करायचे ते कळलं असेल.

त्यात आणखी एक भानगड आहे. वेग वाढला की गिअरकेसच्या, म्हणजे गिअरच्या ओतीव घराच्या, फुगीर अंगाच्या मागे दाब इतका पडतो की तिथे वाफेची किंवा हवेची पोकळी तयार होते. ती पोकळी पंख्यापर्यंत पोचली की पंख्याला पाणीच मिळत नाही. इंजिन एकदम किंचाळतं, बोट मागून सुटते. ट्रकचं चाक चिखलात गरगरावं तसं, फक्त ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरला. म्हणून नाकाचा आकार, अंगाची गुळगुळीत घडण आणि दोन्ही बाजू अगदी समान असणं याला एवढं महत्त्व. जुने रेसर हाताने बुलेट चाचपून सांगायचे, 'डावीकडे जरा पोट आहे हिला.' मी हसायचो. एकदा टेम्प्लेट लावून बघितलं, खरंच होतं.

गिअर रेशो जवळपास एकास एक का ठेवतात? मग गिअर हवेत कशाला?

दिशा बदलायला गिअर लागतातच. रेशोचं म्हणाल तर कामाच्या मोटरीत इंजिन दीड-दोन फेरे मारतं तेव्हा पंख्याचा एक होतो. जड होडी ढकलायला मोठा, सावकाश फिरणारा पंखा बरा. पण पंखा सावकाश फिरवायचा तर त्याच्या शाफ्टवरचा गिअर मोठा लागतो आणि मोठ्या गिअरला मोठं घर लागतं. दोन्ही गिअर जवळपास सारखे ठेवले की घर सगळ्यात लहान होतं. रेशो एकास एक ठेवण्यात बुलेट बारीक राहते, हा त्यातला खरा डाव.

आता हिशोब बघा. पंख्याची पिच बारा इंच म्हणजे एका फेऱ्यात तो कागदावर एक फूट पुढे जाणार. मिनिटाला ६००० फेरे, म्हणजे ६००० फूट. तासाला ६८ मैल. पाणी म्हणजे लाकूड नव्हे, स्क्रू काही घट्ट बसत नाही, घसरण धरायची. बारा टक्के घसरण वजा केली की ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटर. बुलेट मोटारसायकलपेक्षा लहान इंजिनावर, गुडघ्यांवर बसून, पाण्यापासून वीतभर उंचीवर.

पंखा अर्धा पाण्याबाहेर फिरतो म्हणतात. ही थाप आहे का?

थाप नाही. मोटर फळीवर इतकी उंच बसवतात की पळताना बुलेटचा वरचा भाग आणि पंख्याची वरची पाती हवेत येतात. बुडालेलं अंग जितकं कमी, तितकी ओढ कमी. असे पंखे बहुतेक दोन पात्यांचे आणि कांस्याचे. पात्याची मागची कड किंचित आत वळवलेली असते, तिच्यामुळे अर्धवट पाण्यातही पकड टिकते. उंची सूत-सुताने बदलून बघतात. एक सूत जास्त झालं की पंखा हवा खायला लागतो, एक सूत कमी झालं की बोट जडावते.

न्यूट्रल नाही, मग सुरू कशी करतात?

बघण्यासारखा प्रकार असतो. बोट काठाजवळ गुडघाभर पाण्यात. एक गडी मागून उचलून धरतो, म्हणजे पंखा पाण्याबाहेर. चालक फ्लायव्हीलवर दोरी गुंडाळून हिसडा देतो. चालू झाली तर गडी पुढे ढकलून सोडून देतो आणि दावं तोडून खोंड सुटावं तशी बोट जाते. चालू नाही झाली तर पुन्हा दोरी. थ्रॉटलला स्प्रिंग असते, हात सुटला की ती आपोआप मिटते. माणूस पाण्यात फेकला गेला तर बोट मोकाट पळू नये म्हणून ही सोय.

मागे धरणाऱ्या गड्याने पंख्याच्या बाजूला उभं राहायचं, मागे कधीच नाही. हे मी प्रत्येक नवशिक्याला दोनदा सांगतो.

पंप नाही म्हणता, मग इंजिन गार कसं राहतं?

ज्यांत पंप नाही त्यांत पाणी आपल्या दाबाने वर चढतं. बोट पळताना समोरून येणारं पाणी एका तोंडातून आत शिरतं, किंवा पंख्याने मागे फेकलेल्या झोतात तोंड ठेवलेलं असतं. जॉन्सनने ही पंख्याच्या झोताची युक्ती आपल्या साध्या मोटरीतही वापरली होती. याचा सरळ अर्थ असा की बोट उभी असेल तर पाणी नाही. काठावर धरून मोटर गुरगुरत ठेवायची हौस दहा-पंधरा सेकंदांत आवरायची. आणि ते तोंड चिमूटभर गवतानेही बुजतं, पाण्यात सोडण्याआधी तारेने टोचून बघा.

'क्विकसिल्व्हर' शोधलं तर तेलाचे डबेच दिसतात. हे काय प्रकरण आहे?

मर्क्युरी म्हणजे पारा आणि पाऱ्यालाच इंग्रजीत क्विकसिल्व्हर असंही म्हणतात. कंपनीने आपल्या शर्यतीच्या लोअर युनिटला हे नाव दिलं. आज तेच नाव त्यांच्या तेलावर आणि सुट्या भागांवर असतं. जुन्या लोकांत मात्र 'क्विकी' म्हटलं की तो बारीक गिअरकेसच. लक्षात ठेवायचं ते असं, की या नावाचं एकच माप नव्हतं. दोन सिलिंडरच्या मोटरीचं क्विकी बघून चार सिलिंडरचं पॉवरहेड घ्यायला जाऊ नका. ते एकमेकांवर बसेल असं गृहीत धरणारे दोन जण मला माहीत आहेत, त्यातला एक मी.

जुनी रेसिंग मोटर विकत घ्यायची आहे. काय बघू?

खालून वर बघा. विकणारा तुम्हाला वरून खाली दाखवेल. आधी चकचकीत टाकी, मग रंग, मग दोरी ओढून कॉम्प्रेशन. ते सगळं छान म्हणा आणि वाकून पंख्याला हात घाला.

पंखा धरून पुढे-मागे ओढा. किंचित हालचाल चालते, खट्ट असा आवाज आला तर बेअरिंग गेलंय. मग पंखा सावकाश फिरवा आणि बोटांनी ऐका. हो, बोटांनीच. चांगले गिअर चक्की फिरल्यासारखे एकसारखे फिरतात. दात खाल्लेला असेल तर दर फेऱ्याला त्याच जागी टोचतं. शाफ्टचं टोक कशाच्या तरी रेघेत धरून बघा, वाकलेला शाफ्ट लगेच डोळ्यांत येतो. स्केग सरळ आहे का बघा. तो वेल्ड केलेला असेल तर कधीतरी मोटर दगडावर आपटली आहे आणि ज्या धक्क्याने स्केग मोडला तोच धक्का गिअरलाही बसला आहे.

मग तेलाचा स्क्रू सैल करायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर नमस्कार करून निघा. तेल काळं असेल तर ठीक. दूध घातलेल्या चहासारखं असेल तर आत पाणी शिरलंय. किती दिवसांपूर्वी ते कोणीच सांगू शकत नाही. स्क्रूच्या टोकाला चिकटलेली बारीक चमकी बोटांत चोळा. पिठासारखी असेल तर नेहमीची झीज. कणी लागली तर दाताचा तुकडा आहे.

नंबराची पट्टी इंजिनाच्या बाजूला असते, गिअरकेसला नाही. त्यामुळे सत्तर वर्षांत कोणाचं काय कोणाला जोडलं गेलं याचा पत्ता नसतो. बाजारातल्या निम्म्या मोटरी गणपतीसारख्या असतात, शिर एकाचं, धड दुसऱ्याचं. त्यात वाईट काही नाही, फक्त मूळ जोडीचा भाव देऊ नका. आणखी एक जपण्यासारखं म्हणजे साधं गिअरकेस ग्राइंडरवर घासून बारीक केलेलं. दिसायला फक्कड, पण भिंत पत्र्यासारखी पातळ. नखाने टिचकी मारून दोन-चार ठिकाणचा आवाज ऐका.

पॉवरहेडचे भाग अजून मिळतात. पिस्टन दुसऱ्या कशाचा तरी बसवता येतो, सिलिंडरला स्लीव्ह घालता येते, कार्ब्युरेटर साफ करता येतो. गिअरकेसचं ओतकाम आणि ते बेव्हल गिअर नव्याने करणं म्हणजे एका पोळीसाठी गिरणी टाकणं. कॅलिफोर्नियात रँडॉल्फ हबेलसारख्या माणसांनी जुन्या जॉन्सन आणि एव्हिनरूड रेसरसाठी भाग बनवून कितीतरी मोटरी जिवंत ठेवल्या, म्हणून त्यांची नावं अजून आदराने घेतली जातात. १९६५मध्ये स्थापन झालेल्या अँटिक आउटबोर्ड मोटर क्लबच्या मेळाव्यांत, गाडीच्या डिकीतून मांडलेल्या बाजारात, लोक सगळ्यात आधी झडप घालतात ती खालच्या अंगांवर.

स्वतः उघडून बघितलं तर चालेल का?

चालेल, पण रविवारी दुपारी जेवून उठल्यावर सुरुवात करू नका.

पहिलं काम फोटो. दुसरं, प्रत्येक शिम कुठून निघाली ते लिहून वेगळ्या पुडीत ठेवणं. शिम म्हणजे कागदासारख्या पातळ चकत्या, गिअर किती आत-बाहेर बसायचा ते त्या ठरवतात. मी औषधाच्या दुकानातल्या पुड्यांसारख्या पुड्या करतो. जाम नटाला रॉकेलमिश्रित तेल पाजून रात्रभर सोडा, सकाळी गिअरकेसला सगळीकडून सारखी हलकी ऊब द्या आणि लाकडी मोगरीने टकटक करा. लोखंडी हातोडी लांब ठेवा, जुनं ॲल्युमिनियम बिस्किटासारखं तुटतं.

माझं पहिलं क्विकी उघडलं तो दिवस आठवतो. तेल बदललेलं, पंखा मऊ फिरणारा, विकणाऱ्याने 'हिवाळ्यातच पूर्ण काम केलंय' म्हणून सांगितलेलं. कव्हर निघालं, आडवा शाफ्ट बाहेर आला. पिनियनच्या एका बाजूच्या चार दातांवर तपकिरी सावली होती. भिंगातून बघितलं तर सुईने टोचावं तशी खड्ड्यांची रांग. गिअरकेस कित्येक वर्षं कुशीवर पडून होती, अर्ध्यापर्यंत पाणी साठलं होतं आणि पाण्याची पातळी जिथे होती नेमक्या त्या रेषेत गंज चढला होता. ताजं तेल घालून फिरवलं की हे हाताला कळत नाही. आठ हजार फेऱ्यांना कळलं असतं.

परत जोडताना दातांवर मार्किंगचा निळा रंग पातळ लावायचा, पंखा हाताने फिरवायचा आणि रंग कुठे उठला ते बघायचं. दाताच्या मधोमध लांबट ठिपका उठला तर बैठक बरोबर. बाहेरच्या कडेला किंवा बुडाशी उठला तर शिम बदला. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायलने मोजा, दोन-चार थाउचा (इंचाच्या हजाराव्या भागाचा) फरकही इथे मोठा. बेव्हल गिअर भार आला की एकमेकांना दूर ढकलतात. हातात घट्ट वाटणारी जोडी पाण्यात सैल होते आणि हातात अजिबात मोकळीक नसलेली तापून जाम होते. चिंचवडला आमचे फोरमन म्हणायचे, गिअरला श्वास घ्यायला जागा ठेव. अमेरिकेतल्या पुस्तकांत हेच तीन पानांत लिहिलेलं असतं.

शेवटी सायकलच्या पंपाने हलकी हवा भरून केस पाण्याच्या बादलीत धरा. बुडबुडे आले तर सील पुन्हा बघा. पंख्यामागच्या सीलवर मासे पकडायची दोरी गुंडाळून ते कापलं जाणं हे तर रोजचंच.

तेल कुठलं घालू?

बाहेरचं पाणी थोडं शिरलं तरी निभावून नेणारं मरीन गिअर तेल, साधारण ९० ग्रेडचं. दोन स्क्रू असतील तर खालून भरा, वरून थेंब आला की थांबा. वरून ओतलं तर हवा अडकते. जुन्या केसमध्ये कांस्याचे बुश असतील तर डब्यावर पिवळ्या धातूला चालतं का ते वाचा, काही तेलांतलं गंधक कांस्य खातं. दर शर्यतीनंतर बदला. कप-दीड कप तेलाचा प्रश्न असतो, त्यात काटकसर कसली.

शर्यतीच्या जागी एरंडेलाचा वास येतो म्हणतात, खरं का?

अगदी खरं. मेथनॉलवर चालणाऱ्या मोटरींत वंगण म्हणून एरंडेल घालतात, कारण ते मेथनॉलमध्ये मिसळतं आणि तापलं तरी धातूला धरून राहतं. खनिज तेल मेथनॉलमध्ये मिसळत नाही. जगातलं सगळ्यात जास्त एरंडेल भारतात, त्यातही गुजरातेत होतं. पहिल्यांदा तो धूर नाकात गेला तेव्हा इथल्या लोकांना विजयाचा वास आला असेल, मला आजीच्या हातातला चमचा दिसला आणि पोटात गोळा आला. एक सूचना: मेथनॉल वापरलं तर संध्याकाळी पेट्रोल-तेलाच्या मिश्रणावर मोटर थोडी चालवून मगच ठेवा. मेथनॉल ओलावा खेचतं, आतून गंज चढतो.

मोडलेला स्केग दुरुस्त होतो का?

होतो. अरगॉन वेल्डिंग करणारा चांगला हात शोधा. आधी गिअर, बेअरिंग, सील सगळं काढा. धातूत मुरलेलं तेल भाजून घालवावं लागतं, नाहीतर वेल्डला भोकं पडतात. उष्णतेने बेअरिंगची जागा वाकडी होऊ शकते, म्हणून थोडं-थोडं, थांबून-थांबून.

या मोटरी जास्तीत जास्त किती पळाल्या?

क्लासच्या शर्यती सोडा, सरळ रेषेतला विक्रम सांगतो. १९५८ साली ह्यूबर्ट एन्ट्रॉपने सिअ‍ॅटलला सहा सिलिंडरच्या मर्क्युरी मार्क ७५एचवर ताशी १०७ मैल ओलांडले, म्हणजे १७३ किलोमीटर. कंपन्यांची ईर्षा अशी की १९६०मध्ये तोच एन्ट्रॉप एव्हिनरूड लावलेली स्टारफ्लाइट बोट घेऊन हावासू तळ्यावर उतरला आणि १२२ मैलांच्या पुढे गेला.

बर्लिनच्या कोनिगच्या मोटरी वेगळ्याच जातीच्या. त्यांचं चार सिलिंडरचं आउटबोर्ड इंजिन न्यूझीलंडच्या किम न्यूकॉम्बने मोटारसायकलच्या सांगाड्यात बसवलं. १९७३ साली ५०० सीसीच्या जागतिक मालिकेत त्याने युगोस्लाव्हियाची शर्यत जिंकली. त्याच मोसमात सिल्व्हरस्टोनला झालेल्या अपघातात तो गेला आणि मालिकेत मरणोत्तर दुसरा आला. बोटीचं इंजिन डांबरी रस्त्यावर इतकं पुढे गेल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

भारतात अशी मोटर पळवता येईल का?

आधुनिक आउटबोर्ड बोटींच्या शर्यती आपल्याकडे झाल्या आहेत, मार्च २०१७मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर आणि २०१८मध्ये अमरावतीला कृष्णा नदीत. जुन्या मोटरींची परंपरा मात्र इथली नाही. आणायचीच असेल तर तळ्यासाठी आणा, समुद्रासाठी नाही. ही ओतकामं गोड्या पाण्यासाठी आहेत. खारं पाणी, ॲल्युमिनियम आणि कांस्याचा पंखा एकत्र आले की बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. मालवणचे इंजिनवाले मिस्त्री संध्याकाळी गोड्या पाण्याने मोटर धुतात ते उगीच नाही.

आणि घरी ड्रममध्ये चालवून बघायची असेल तर शर्यतीचा पंखा काढून चाचणीचं चक्र लावा. भार न लावता नुसती फिरवू नका, कनेक्टिंग रॉड भिंतीतून बाहेर येतो.

हिवाळ्यात कशी ठेवायची?

उभी. कायम उभी, स्टँडवर, तेल बदलून.

एका वर्षी ऑक्टोबरात आईच्या आजारपणामुळे घाईत पुण्याला निघालो. शेवटच्या रविवारी पळवलेली मोटर तशीच गराजमध्ये टांगून ठेवली. सील थोडं झिरपत होतं, ते मला माहीत होतं. जानेवारीत परत आलो तेव्हा बाहेर उणे अठरा होतं. बुलेटच्या खालच्या बाजूला, स्केग सुरू होतो तिथे, केसाएवढी रेघ दिसली. आधी वाटलं ओरखडा आहे. नखाने चाचपली तर नख अडकलं. आतलं पाणी गोठून फुगलं होतं आणि सत्तर वर्षांपूर्वीचं ओतकाम चार इंच उकललं होतं. त्या रेघेतून दुधाळ तेलाचा एक थेंब बाहेर येऊन तिथेच मेणासारखा थिजला होता. ती केस अजून माझ्या टेबलावर आहे, अरगॉनवाल्याने दोनदा बघून परत दिली. वरचं इंजिन ठणठणीत आहे. त्याच्या मापाचं क्विकी कोणाकडे असेल तर कळवा.